आमच्या तिघींना पिंजऱ्यात कामाला लावलं त्याची गोष्ट

उंदीर पाळलेत असं सांगितलं की लोक विचारतात वास येत नाही का, चावत नाहीत का, खातात काय. प्रश्न बरोबरच आहेत, पण दिवसभर पिंजऱ्यात त्या करतात काय हे मला आजवर फार कमी जणांनी विचारलंय आणि माझ्या मते उंदीर पाळण्यातला सगळ्यात मोठा भाग हाच आहे. वास, खाणं, डॉक्टर हे एकदा कळलं की बसतं, पण तीन हुशार जनावरांना रोज काहीतरी करायला द्यायचं हे रोजच असतं, त्याला सुट्टी नाही. आमच्याकडे हे हळूहळू कसं जमत गेलं ते सविस्तर लिहितेय, कारण परदेशातल्या लोकांनी सांगितलेल्या वस्तू इथे मिळत नाहीत किंवा भयंकर महाग पडतात, आणि आपल्या घरात जे असतं त्यातच इतकं करता येतं की विकत आणायची फारशी गरजच पडत नाही.

आमच्याकडे तिघी, सख्ख्या बहिणी. कणी फिकट बिस्किटी रंगाची, मिरी काळ्या डोक्याची आणि पाठीवर काळा पट्टा असलेली, आणि रवा पांढरीशुभ्र, लाल डोळ्यांची. आमच्याच बिल्डिंगमधला एक मुलगा नोकरीसाठी बंगळूरला शिफ्ट होत होता, तिकडचा घरमालक प्राणी ठेवू देईना म्हणून त्याने त्या आमच्याकडे दिल्या, सोबत पिंजराही दिला. पिंजरा पोपटाचा, उंच आणि अरुंद, आत एक वाटी, पाण्याची बाटली आणि एक प्लॅस्टिकचं घर एवढंच. तिघी तब्येतीने छान होत्या, हातावर यायच्या, पण रात्री अकरा वाजले की गज चावणं सुरू व्हायचं. एकच गज, एकच कोपरा, एका लयीत, मिरी दमली की कणी सुरू. माझी आई हॉलमध्येच झोपते, तिची झोप पार उडाली. सगळे सांगायचे दात वाढतात म्हणून चावतात. उंदरांचे पुढचे दात जन्मभर वाढतात हे खरंय, पण ते दात ते एकमेकांवर घासूनच झिजवतात, त्याला लोखंडाचा गज लागत नाही. लाकडाचा ठोकळा ठेवून बघितला तर त्याला हुंगून परत गजाकडे. रवाचं अजून वेगळं, ती गज चावत नव्हती, स्वतःच्या पुढच्या पायांवरचे केस कुरतडून काढत होती, कोपरापासून पंजापर्यंत नुसती गुलाबी कातडी दिसायची. डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी भिंगाखाली बघितलं, किडे नाहीत, बुरशी नाही. म्हणाले हिला दुखणं काही नाही, हिला काम नाहीये, काम द्या. तेवढं एक वाक्य घेऊन मी घरी आले आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

पहिली गोष्ट जागा. तीन उंदरांना त्या पोपटाच्या पिंजऱ्यात चालायलाच जागा नव्हती, चढायचं आणि उतरायचं एवढंच. आमच्याकडे ग्रिलची कामं करणारे एक काका आहेत त्यांच्याकडून बनवून घेतला, तीन फूट रुंद, दोन फूट खोल, चार फूट उंच, खाली चाकं. जाळी अर्ध्या इंचाची, त्याहून मोठी असेल तर लहान वयाच्या माद्या डोकं घालून सरळ बाहेर पडतात. काका म्हणाले ताई गॅल्व्हनाइज्ड जाळी तशीच ठेवू, स्वस्तात होईल, पण तशा जाळीत लघवीचा वास धरून राहतो आणि धुऊनही जात नाही म्हणून पावडर कोटिंग करून घेतलं, खर्च वाढला पण तो पैसा वसूल झालाय. मजले जाळीचे ठेवले नाहीत, जाळीवर सतत चालून उंदरांच्या तळपायाला फोड येतात आणि ते बरे होता होत नाहीत, म्हणून वर पीव्हीसीच्या शीट कापून बसवल्या. पिंजरा हॉलच्या कोपऱ्यात, भिंतीला लागून, थेट ऊन आणि पंख्याचा वारा येणार नाही असा. बाल्कनीत ठेवा म्हणून सगळ्यांनी आग्रह केला, तो अजिबात मानला नाही. बाहेरचे उंदीर रात्री जाळीपर्यंत येतात, त्यांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस हा आजार पसरतो, आणि सोसायटीत पेस्ट कंट्रोलवाले विषाच्या वड्या ठेवतात. उंदरांना उलटी करता येत नाही, पोटात गेलं ते गेलं, त्यामुळे ही रिस्क घ्यायचीच नाही.

मोठा पिंजरा आला की गज चावणं थांबेल असं वाटत होतं. कमी झालं, थांबलं नाही. दोन-चार दिवस सगळं हुंगून, सगळीकडे आपापला वास लावून झाला की परत तेच. मग पेट शॉपमधून खेळणी आणली, घंटी, आरसा, रंगीत प्लॅस्टिकची शिडी. घंटीला एकदा नाक लावलं आणि विषय संपला. आरशाचं तर काहीच नाही, उंदरांची नजर मुळातच अधू, रवासारख्या लाल डोळ्यांच्यांची तर फारच, त्यांचं जग नाकावर आणि मिशांवर चालतं, काचेतल्या वास नसलेल्या उंदराचं त्यांना काय होणार. दुकानदार पारदर्शक बॉल पण देत होता, उंदीर आत ठेवून घरभर सोडायचा तो, तो घेतला नाही कारण त्यात हवा कोंडते आणि त्यांना आजूबाजूचं काही हुंगताही येत नाही, नुसतं घाबरून पळत राहतात. चाक मात्र घेतलं. दुकानात हॅमस्टरची छोटी चाकं असतात, त्यात उंदराची पाठ वाकडी होते, त्यांना निदान बारा इंची आणि पट्ट्या नसलेलं अखंड लागतं, ते ऑनलाइन मागवावं लागलं. वापरते फक्त मिरी, पण ती रोज वापरते, बाकी दोघींनी त्याच्या खाली झोपायची जागा केली.

खरा फरक पडला तो वाटी काढून टाकली त्या दिवसापासून. म्हणजे उपाशी ठेवलं असं नाही, तेवढंच खाणं, पण वाटीत न देता पिंजराभर उधळून द्यायला लागले. ज्वारी, बाजरी, गहू, ओट्स, भोपळ्याच्या बिया, थोड्या साळीच्या लाह्या, सगळं मिक्स करून मूठभर वरच्या मजल्यावर, मूठभर खाली कागदाच्या कपच्यांत. पहिल्या रात्रीच तिघी दीड-दोन तास नाक खाली घालून फिरत होत्या आणि गजाकडे कोणी गेलं नाही. नंतर वाचताना कळलं की ही गोष्ट फार आधीच तपासून झालेली आहे, १९६३ साली ग्लेन जेन्सेन नावाच्या अमेरिकन संशोधकाने उंदरांना एका बाजूला फुकट खाणं आणि दुसऱ्या बाजूला दांडा दाबला की मिळणारं खाणं असे दोन्ही पर्याय देऊन बघितलं आणि उंदीर फुकटचं समोर असताना दांडा दाबायला जात होते. हे वाचल्यावर डॉक्टरांचं वाक्य मला नीट कळलं. त्यांना खाणं हवंच असतं, पण ते शोधून काढायचं कामही हवं असतं, आणि वाटी भरून ठेवली की ते काम आपण काढून घेतो.

मग ते शोधणं अवघड करत नेलं. इथे आईचा प्रवेश झाला. आई या सगळ्याच्या विरोधात होती, घरात उंदीर म्हणजे तिला पटतच नव्हतं, पिंजऱ्याजवळून जाताना पदर सावरून जायची. मी कागदात दाणे गुंडाळून गोळे करून टाकत होते आणि मिरी ते दोन सेकंदांत फाडत होती ते आई बघत होती. एक दिवस म्हणाली, अगं असा बोळा काय करतेस, पुडी बांध. आईच्या वडिलांचं किराणा दुकान होतं, तिला चौकोनी कागदाची, शेवटचं टोक आत खोचलेली, दोरा न बांधताही न सुटणारी पुडी बांधता येते. तिने किराणाच्या खाकी पिशवीचा कागद कापून चिमूटभर ज्वारीची पुडी बांधली आणि जाळीतून आत सरकवली. मिरीने ती दोन्ही हातांत धरून गोल गोल फिरवली, प्रत्येक कडेला मिशा लावून बघितल्या, मग जिथे टोक खोचलेलं होतं तिथेच दातांनी धरून बाहेर ओढलं. पुडी फाटली नाही, सुटली. आई बघतच राहिली. दुसऱ्या दिवशी तिने टोक दोनदा दुमडून खोचलं. तिथून त्या दोघींचं जे सुरू झालं ते आजतागायत चालू आहे, आई रोज दुपारी चहानंतर पुड्या बांधते, मिरीच्या वेगळ्या आणि रवाच्या वेगळ्या, कारण रवा सोडवत बसत नाही, ती कोपरा फाडते आणि दाणे सांडवते, म्हणून तिच्या पुडीला जाड कागद.

छापील वर्तमानपत्र शक्यतो नको, शाई अंगाला लागते आणि त्या सारखं चाटत असतात. खाकी कागद, टिश्यू, पार्सलचे खोके सगळ्यात बेस्ट, फक्त चिकटपट्टी, स्टेपलच्या पिना आणि चकचकीत लेबलं काढून टाकायची. पेट शॉपवाले लाकडाचा भुसा अंथरायला देतात तोही आम्ही बंद केला, त्यातली धूळ आणि पाइनसारख्या लाकडाचा उग्र वास त्यांच्या छातीला त्रास देतो, उंदरांना श्वासाचे आजार फार पटकन होतात. त्याऐवजी कागदाच्या कपच्या आणि जुन्या बेडशीटचे तुकडे.

फाडाफाडीचं एक सांगते जे कुणीही लगेच करून बघू शकतं. टिश्यू पेपरच्या लांब पट्ट्या पिंजऱ्याच्या बाहेरून जाळीवर लटकवायच्या, आत ठेवायच्या नाहीत. आत ठेवलेल्या कागदाकडे रवा बघायची पण नाही, पण बाहेर लटकणारी पट्टी जाळीतून इंच इंच आत ओढायची, मागे मागे सरकत, तोंडात घडी करत करत, आणि ती वरच्या मजल्यावरच्या घरट्यात नेऊन दाबायची यात तिची सगळी संध्याकाळ जायची. पायांवरचे केस कुरतडणं यातच कमी झालं असं माझं ठाम मत आहे, कारण तेव्हाच थोड्या दिवसांत तिथे बारीक मऊ पांढरी लव दिसायला लागली आणि महिना-दीड महिन्यात हात पूर्ण भरले. फाडायला कपडा देताना सुटे धागे बघून द्या. जुन्या सुती साडीचे तुकडे मऊ असतात पण त्याचा धागा निघाला की बोटाभोवती आवळतो आणि बोट काळं पडू शकतं. फ्लीसचं जुनं पांघरूण असेल तर ते सगळ्यात चांगलं, त्याचे धागे निघतच नाहीत. आम्ही त्याच्याच झोळ्या केल्या, चार कोपऱ्यांना भोक पाडून शॉवरच्या पडद्याच्या रिंगा घालून टांगल्या. माझ्या भाच्याच्या जुन्या जीन्सचा एक पाय कापून आडवा टांगलाय, तो बोगदा तिघींचा अतिशय लाडका. झोळ्या टांगताना उंच मजल्याच्या कडेखाली टांगायच्या, धावपळीत कोणी खाली पडलं तर झोळीत पडतं.

बोगद्यांचं म्हणाल तर हार्डवेअरच्या दुकानातला पीव्हीसी पाइप, पंचाहत्तर मिलिमीटरचा, आणि दोन एल्बो. माद्यांना तो पुरतो, नर मोठे असतात त्यांना एकशे दहाचा घ्यावा. आतून सँडपेपर मारून घेतला कारण गुळगुळीत पाइपमध्ये पाय घसरतात. करवंटी पण मस्त, शेंड्या काढून, कडा घासून, मधे मोठं भोक पाडून टांगली की आत जाऊन बसतात आणि उरलेलं खोबरं खरवडत बसतात. संक्रांतीला आम्ही सुगडं जास्तीची आणतो, पूजेला न वापरलेली, रंग न लावलेली उरली होती ती पिंजऱ्यात आडवी ठेवली. त्यात लाह्या घालून तोंडाला कागद बांधायचा नाही नुसता कोंबायचा, तो उपसून काढायचा आणि आत हात घालायचा, कणीचं हे आवडतं काम. तिचा पूर्ण हात खांद्यापर्यंत आत आणि तोंड वर, डोळे अर्धे मिटलेले, नुसत्या बोटांनी चाचपून एक एक लाही बाहेर.

कणीची खरी आवड मात्र माती. मातीत खणायला मिळणं ही उंदरांची अगदी मुळातली गरज आहे, त्यांचे रानटी भाऊबंद जमिनीत बिळं करूनच राहतात, आणि पिंजऱ्यात ते करायला कुठे काहीच नसतं. बागेतली माती नको, त्यात कीड असते, खत असतं. नर्सरीत कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची, वीट मिळते, ती पाण्यात भिजवून, फुगली की दोनदा धुऊन, पिळून, बांधकामाच्या प्लॅस्टिकच्या घमेल्यात भरली. घमेलं यासाठी एकदम योग्य, रुंद, जड, उलटत नाही आणि कडा गोल. त्यात गहू, मेथी आणि हिरवे मूग पेरले आणि वर पाणी शिंपडून कपडा टाकून ठेवलं. चार दिवसांनी बोटभर हिरवं आल्यावर घमेलं पिंजऱ्यात तळाला ठेवलं. रवा आणि मिरी कोंब खात बसल्या. कणीने एकही कोंब तोंडात घेतला नाही, सरळ मध्यभागी गेली, पुढच्या हातांनी भराभर उकरून पोटाखाली जमा करायची, मग मागच्या दोन्ही पायांनी एकदम मागे उडवायची, वळायची, छातीने ते ढकलून कडेला लावायची आणि परत सुरू. अर्ध्या तासात तळ दिसायला लागला. मग तिने त्या खड्ड्यात तोंड खुपसलं आणि तशीच झोपली. हॉलभर कोकोपीट उडालं होतं, म्हणून आता खालच्या मजल्याला चारी बाजूंनी वीतभर उंच ॲक्रिलिकची पट्टी लावलीय. घमेल्यात कच्चा राजमा पेरू नका, कच्चा विषारी पडतो. आणि पावसाळ्यात घमेलं दर आठवड्याला पूर्ण बदलायचं, पुण्याच्या जुलैमध्ये दोन दिवसांत पांढरी बुरशी धरते आणि ती त्यांच्या छातीत गेली तर संपलंच.

उन्हाळ्यात सगळं बदलावं लागतं. उंदरांना घाम येत नाही, अंगातली उष्णता त्या शेपटीतून बाहेर टाकतात, एप्रिल-मेमध्ये पुण्यात पारा चाळिशीला लागला की त्या आडव्या पडून राहतात आणि काहीच करत नाहीत. तेव्हा परातीत दोन बोटं गार पाणी आणि त्यात मूठभर मटार. मटार बुडतात काही, काही तरंगतात, त्या आधी काठावर बसून हात बुडवतात, मग अर्धं अंग, मग सरळ आत. मिरी तोंड पाण्याखाली घालून तळातला दाणा उचलते, नाकातून पाण्याचे फुगे येतात, आणि तो घेऊन पळत वरच्या मजल्यावर जाऊन साल काढून फेकून आतलं खाते. शहाबादी फरशीचा एक तुकडा फ्रीजमध्ये ठेवून दुपारी पिंजऱ्यात, शिवाय एक लहान मडकं ओलं करून आडवं, त्यात जाऊन झोपतात. हिवाळ्यात तेच मटार शेंगांसकट द्यायचे. शेंगेची शिवण त्यांना बरोबर सापडते, दातांनी एका टोकाला चीर पाडून दोन्ही हातांनी उघडतात. भुईमुगाच्या शेंगा भाजून, एकेकीला एखादीच, कच्च्या जुनाट शेंगांना बुरशी असू शकते आणि तसंही तेलकट खाणं फार नको. अक्रोड अख्खा, किंचित तडा पाडून, दोन-तीन रात्री पुरतो. ज्यांच्याकडे नर आहेत त्यांनी संत्र्या-मोसंबीच्या साली घालू नका, त्यातला एक घटक नरांच्या किडनीला वाईट असतो.

पिंजऱ्याची मांडणी बदलत राहणं हे पण एक कामच आहे त्यांच्यासाठी. शनिवारी मी दोन-तीन वस्तू हलवते, पाइप इकडचा तिकडे, एक झोळी काढून शिडी. सगळं एकदम बदलत नाही आणि सगळं एकदम धुतही नाही. त्यांनी प्रत्येक वस्तूवर आपला वास लावून ठेवलेला असतो, तो सगळा एका दिवसात धुऊन टाकला तर त्या अस्वस्थ होतात आणि दुप्पट लघवी करून परत लावत बसतात, म्हणून निम्म्या झोळ्या एका आठवड्यात आणि निम्म्या पुढच्या. नवी वस्तू एकच, आणि ती काढायची घाई नाही. उंदीर नव्या गोष्टीला घाबरतात, त्यांच्या जातीचा स्वभावच आहे तो, सुगडांकडे पहिले दोन दिवस कोणी फिरकलंच नव्हतं. ज्यांचे उंदीर खेळतच नाहीत अशी तक्रार असते त्यांनी वस्तू आठवडाभर तशीच ठेवून बघावी. गणपतीत मिरवणुकीचे ढोल आणि दिवाळीतले फटाके सुरू झाले की मात्र नवं काही द्यायचं नाही, तेव्हा जास्तीचे खोके आणि कागद भरून ठेवायचे आणि पिंजऱ्यावर जाड चादर, त्या आत घुसून राहतात.

पिंजऱ्यात कितीही केलं तरी रोज बाहेर काढणं लागतंच, तास-दीड तास तरी. आमचं ठरलेलं आहे, रात्री जेवणं झाली की दिवाणावर, खालच्या फटी पंचे कोंबून बंद, वायरी वर. सुरुवातीला डबीत लाह्या घालून ती खडखडवायची आणि आलेल्याला एक द्यायची असं केलं, आता डबी वाजली की घरात कुठेही असोत धावत येतात, त्यामुळे हरवायची भीती गेली. पाठीवर उताणं करून पोटाला बोटांनी गुदगुल्या करायच्या, हे मी आधी ऐकलं तेव्हा विश्वास बसला नव्हता, पण याक पँक्सेप नावाच्या संशोधकाने दाखवलंय की गुदगुल्या केल्या की उंदीर पन्नास किलोहर्ट्झच्या आसपास आवाज काढतात, खेळताना काढतात तोच, आपल्या कानाची हद्द वीसलाच संपते म्हणून आपल्याला ऐकू येत नाही. मला ऐकू येत नाही पण दिसतं, हात थांबवला की मिरी उलटी होऊन हाताच्या मागे धावते, बोट पकडते, परत पाठीवर पडते. २०१९ मध्ये अमेरिकेत रिचमंड युनिव्हर्सिटीच्या केली लॅम्बर्ट यांच्या टीमने उंदरांना छोटी गाडी चालवायला शिकवली होती, बातम्या आल्या होत्या, बऱ्याच जणांना आठवत असेल. त्यात मला महत्त्वाचं वाटलं ते हे की खेळणी, शिड्या, सोबती असलेल्या मोठ्या पिंजऱ्यातले उंदीर गाडी चांगली शिकले आणि साध्या रिकाम्या पिंजऱ्यातले तेवढे शिकले नाहीत. मेंदू तोच, जात तीच. हे वाचल्यापासून कोणी म्हणालं ना की उंदरांसाठी एवढं कशाला, तर मी हीच गोष्ट सांगते.

आणि सोबत. उंदीर एकटा पाळू नका हो. मी पिंजऱ्यात शंभर वस्तू ठेवल्या तरी त्यातली एकही दुसऱ्या उंदराची जागा घेत नाही. त्या एकमेकींशी कुस्ती खेळतात, मान साफ करतात, एकमेकींच्या पुड्या चोरतात. चोरी तर त्यांचा मुख्य खेळ आहे, समोर सारख्या तीन पुड्या असल्या तरी बहिणीच्या तोंडातलीच हवी. त्यासाठी आई मुद्दाम एक मोठी पुडी करते, दोघींना मिळून ओढावी लागेल अशी.

गेल्या वर्षी कणीला छातीच्या गाठी झाल्या, मादी उंदरांमध्ये हे फार होतं, एकदा ऑपरेशन केलं, दुसऱ्यांदा डॉक्टरांनी नको म्हणून सांगितलं. शेवटपर्यंत ती घमेल्यात जात होती. उकरणं झेपेना तेव्हा मी कोकोपीट आधीच खड्डा करून ठेवायचे आणि ती त्यात जाऊन बसायची, हातांनी थोडंसं इकडे तिकडे करायची. उंदरांचं आयुष्य दोन-तीन वर्षांचंच, हे घेतानाच माहिती असतं, तरी जायचं ते जातंच आतून.

आता मिरी आणि रवा दोघी म्हाताऱ्या झाल्यात. रवाचे मागचे पाय ओढत चालतात, हेही म्हातारपणी होतं. बरेच लोक अशा वेळी पिंजरा रिकामा करतात, फक्त मऊ कपडा आणि वाटी, आणि मला ते बिलकुल पटत नाही. पाय गेलेत, नाक आणि हात शाबूत आहेत आणि डोकं तर पूर्ण शाबूत आहे. आम्ही वरचे मजले काढून टाकले, सगळं खाली एका मजल्यावर आणलं, शिडीऐवजी फ्लीस लावलेला बसका उतार केला, घमेल्याऐवजी पोळ्यांच्या डब्याच्या झाकणासारखा कमी उंचीचा ट्रे. झोळ्या जमिनीपासून चार बोटं उंच. टिश्यूच्या पट्ट्या आता तिला बसल्या जागी पोहोचतील अशा खाली लटकवते, आणि ती ओढते. पूर्वी संध्याकाळभर चालायचं ते आता दहा-पंधरा मिनिटं चालतं, मग झोप, मग परत. पुड्यांचा कागद आईने पातळ केलाय आणि टोक एकदाच खोचते. मिरी अजूनही सोडवून खाते, फक्त आता ज्वारी भिजवलेली लागते. बिल्डिंगमधल्या एका मुलीकडे दोन लहान पिल्लं आहेत, ती सोबतीला आणायचा विचार चाललाय, कारण या दोघींपैकी एक गेली तर दुसरी एकटी राहायला नको, पण लहान पिल्लांचा दंगा रवाला झेपेल का हे डॉक्टरांना विचारून ठरवू.

एक सांगायचं राहिलं, कुणी पिंजरा बनवून घेणार असाल तर दार मोठं करून घ्या. काकांनी आधी एक फुटाचं दार काढलं होतं, मी हट्ट करून पूर्ण रुंदीची दोन दारं करून घेतली, वर एक आणि खाली एक. रोज आत हात घालून काहीतरी लपवायचं, हलवायचं, काढायचं असतं, दार लहान असलं की आपण कंटाळतो आणि मग फक्त खाणं-पाणी तेवढं होतं. आणि कडी बाहेरून खाली पडणारी नको, सरकणारी घ्या, मिरी पडणारी कडी नाकाने उचलते.